सुंद्राबाईला कोण ओळखतं?

गेल्या नोव्हेंबरात बँकेतल्या मशीननं मला मेलेला ठरवलं.

पेन्शनवाल्यांना दरसाल हयातीचा दाखला द्यावा लागतो. म्हणजे आपण अजून आहोत, हे सरकारला पटवायचं. पूर्वी सही चालायची, आता मशीनवर अंगठा टेकवतात. माझा अंगठा उमटेना. उजवा झाला, डावा झाला, हात धुऊन झाले, काच पुसून झाली. काउंटरवरची पोरगी बिचारी चांगली होती. म्हणाली, "काका, सिस्टीम तुम्हाला ओळखत नाही." मी म्हटलं, "अगं बाई, तुझ्यासमोर उभा आहे की! बोलतोय, खोकतोय." ती म्हणाली, "मला दिसताय हो तुम्ही. त्याला दिसत नाही." मी मागं वळून रांगेकडं बघितलं. सगळ्यांनी माना खाली घातल्या. त्यात दोघंतिघं तर माझ्याच गल्लीतले होते.

त्या खाली घातलेल्या माना बघून माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. तशा माना खाली घातलेलं एक अख्खं गाव मी पाहिलंय. या अंकाचे संपादक "नोकरीतलं काहीतरी लिहा" म्हणून कधीपासून मागं लागले होते आणि मी टाळत होतो. लिहायचं तर सुंद्राबाईचंच लिहावं लागणार, आणि आम्ही छप्पन सालापासून बौद्ध. भुताखेतांचं नाव काढलं तर वडील फटकवायचे. पण आता मीच मशीनच्या लेखी भूत झालोय, तेव्हा लिहायला हरकत नाही.

मी कोर्टात बेलिफ होतो, उस्मानाबादला, म्हणजे आत्ताच्या धाराशिवला. बेलिफ म्हणजे कोर्टाचा कागद माणसाच्या हातात नेऊन देणारा. वकील बोलतात, साहेब निकाल लिहितात, त्यांचे फोटो छापून येतात. पण समन्स बजावल्याशिवाय खटल्याचं चाक इंचभर हलत नाही, आणि ते बजावायला उन्हातान्हात एसटीनं, नाहीतर पायी आम्हीच जायचो. कागद ज्याच्या नावाचा, त्याच्याच हातात द्यायचा. तो घेत नसला तर पंचांसमोर दारावर चिकटवायचा. लोक काय काय करायचे! उमरग्याला हायवेवरचा एक ट्रकमालक मला बघितलं की स्वतःचाच क्लीनर व्हायचा, फडकं घेऊन काचा पुसायला लागायचा. एकजण कणगीत लपला आणि ज्वारीच्या धुळीनं शिंकला. मी कणगीलाच म्हटलं, "पाटील, बाहेर या, सही करा."

पण या कामातली खरी मेख वेगळी आहे. बेलिफ परका असतो, तो कुणाला ओळखत नाही. म्हणून गावातलं कुणीतरी पुढं येऊन म्हणावं लागतं, "हाच तो, मी ओळखतो याला." एवढं एक वाक्य. ते म्हणणारा मिळाला नाही, तर समोर हाडामांसाचा माणूस उभा असूनही कागदावर तो नसतो.

बहात्तरचा दुष्काळ सरून काही वर्षं झाली होती. नवा फौजदारी कायदा आला होता, आणि त्यात बायकोपोरांसारखंच आईबापालाही पोटच्या पोराकडून पोटगी मागता येईल असं कलम होतं. बाररूममध्ये वकील हसायचे, म्हणायचे, कोण आई पोरावर फिर्याद लावेल हो? आमच्या कोर्टात पहिली लावली ती सुंद्राबाईनं.

गाव येडशीच्या पलीकडं, रामलिंगच्या डोंगराच्या अंगाला. नाव सांगत नाही, नातवंडं आहेत तिथं. सुंद्राबाईचे दोन मुलगे. थोरला बाजीराव, गावच्या दूध संस्थेचा चेअरमन, पांढरी टोपी, मोठा आवाज. धाकटा मारुती, त्याच्यामागं मान खाली घालून चालणारा. मी समन्स घेऊन गेलो तेव्हा बाजीराव ओट्यावर बसला होता. नाव वाचलं आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"बेलिफसायेब, आमची आई वारली. दहावा, तेरावा, समदं झालंय. सगळं गाव जेवलंय तेराव्याला. तुमचं कोर्ट मेल्यालीची फिर्याद घेतं व्हय?"

मी म्हटलं, "कोर्टात बाई स्वतः आली होती. वकिलासमोर अंगठा दिलाय तिनं."

दारातली बायामाणसं झटक्यात आत गेली. मारुतीनं मान वर न करता कागदावर सही केली.

काय झालं होतं ते मला पोलीस पाटलानं सांगितलं, तेही गावाबाहेर आल्यावर. दुष्काळात सुंद्राबाई खडी फोडायच्या कामावर गेली. तिथून ऊसतोडीच्या टोळीबरोबर दूर खाली, पश्चिमेकडच्या एका साखर कारखान्यावर गेली. तिकडं तापानं पडली, टोळी परत आली, ही आली नाही. पोरांनी शोधली, सापडली नाही. पुढं बाजीरावाच्या पोरीचं लग्न जमून जमून मोडायला लागलं, गाभणी म्हैस मेली, तेव्हा भटजी म्हणाले, म्हातारीचा आत्मा अडकलाय. हरवलेल्या माणसाचा पुतळा करून जाळायची रीत आहे आपल्याकडं. पळसाच्या पानांचं अंग, नारळाचं डोकं. तो पुतळा तेरणा नदीच्या कोरड्या पात्रात जाळला. दहाव्याला पिंड ठेवला. आणि नंतर एके दिवशी भर दुपारी म्हातारी चालत गावात आली.

"मंग?" मी विचारलं.

"मंग काय! ज्याचं समदं करून टाकलंय ते घरात कसं घ्यायचं? घर बाटतं. आन् शिवाय..." पाटील इकडंतिकडं बघत म्हणाला, "तीच हाय कशावरून?"

बाजीरावाच्या वकिलानं कोर्टात हेच मांडलं: आई मयत आहे, अर्जदार बाई कुणी तोतया आहे. तिच्या नावची जमीन पोरांच्या नावावर चढली होती, हेही त्यात होतंच. पण खरं सांगतो, नुसती जमीन असती तर मला ती माणसं समजली असती. त्यांच्या डोळ्यांत भीती होती, अगदी खरी. साहेबांनी मला हुकूम दिला: गावात जा, ही बाई तिथं राहते का बघ, आणि तिला ओळखणारे दोन पंच आण.

गावाच्या तोंडाशी दूध संस्थेची जुनी पत्र्याची शेड होती. दुष्काळात दूध आटलं, संस्था गावात दुसरीकडं गेली, शेड तशीच पडून. मी पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं. पाखरूसुद्धा बोलत नव्हतं. तेवढ्यात एक बाई पदरानं तोंड झाकून आली. तिनं शेडच्या दगडावर पत्रावळ ठेवली, भाकरी, भात, वर कोरडी भाजी. "काव, काव" म्हणाली, आणि मागं न बघता निघून गेली.

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. गाव म्हातारीला उपाशी मारत नव्हतं. गाव तिला कावळ्याचा घास घालत होतं. पितरांना घालतात तसा, रोज, पाळीपाळीनं.

आतून काठी टेकत एक म्हातारी आली. वाळकी, कपाळ कोरं, डोळे मात्र लखलखीत. पत्रावळीपाशी बसली आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "तुला दिसते व्हय रं म्या?"

"दिसता की, मावशी. कोर्टातून आलोय."

"बस मंग. पाणी देऊ?" असं म्हणून तिनं मडक्यात बुडवलेला तांब्या तसाच हवेत धरला. "पर म्या मेल्याली बाई. माझ्या हातचं घेशील का?"

मला हसू आलं. लहानपणी अशाच एका गावात मला वरून ओंजळीत पाणी ओतायचे. मी म्हटलं, "मावशी, आम्ही बौद्ध. तुम्ही मला तुमच्या तांब्यानं द्याल का, ते सांगा."

ती माझ्याकडं बघून खळखळून हसली. "जितेपनी न्हवतं दिलं बाबा. आता कशाचं काय! घे." तांब्या तिनं माझ्या हातात दिला. पाणी थंडगार होतं.

मग तिनं पदराची गाठ सोडली आणि एक चुरगळलेला कागद काढला. एसटीचं तिकीट. येडशी ते उस्मानाबाद. "फिर्याद लावाया गेले तवाचं. कंडक्टरनं तोंडाकडं बघितलं, फाडून दिलं. मेल्याल्या मानसाला तिकीट फाडत्यात व्हय? सांग बरं."

"नाही फाडत."

"पयलं पयलं लई राग यायचा. म्या हाका मारायचे. कोन वळायचं न्हाय. मंग मला बी वाटाया लागलं, असंल बाबा, आपुन मेलोच असू. रोज सकाळी उठून सावली बघते."

"असते ना?"

"हाय अजून," ती म्हणाली. "पर पातळ झालीय."

आता हे खरं लिहितो. माझी नजर आपोआप तिच्या पायाशी गेली. ऊन डोक्यावर, ती पत्र्याच्या कडेला, तिथं सावली दिसायची तरी कशी? एवढं कळत असूनही मी परत एकदा वाकून बघितलं.

"पोटगी किती मागताय?" मी विषय बदलला.

"पैसा घिऊन काय करू? वकिलाला म्हनलं व्हतं, मला आत घ्या म्हनावं. उंबऱ्याच्या आत. तो म्हनला तसं कलम न्हाय, पोटगीचं हाय. म्हनलं, मंग त्ये लाव."

पंच मिळाले नाहीत. मी घरोघर फिरलो. शाळेतले गुरुजी, सुतार, पाटील, सोसायटीचा सेक्रेटरी, सगळ्यांना शेडकडं बोट दाखवून विचारलं, "त्या बाईला ओळखता का?" प्रत्येकानं मान खाली घातली. नाही कुणीच म्हटलं नाही, बरं का. वर मान करून तिकडं बघावं लागेल, एवढीच भीती.

तारखेला कोर्ट गच्च भरलं. भुताची फिर्याद म्हणून बातमी झाली होती. साहेब तरुण होते, पुण्याचे. वैतागून म्हणाले, "दहावा-तेरावा कायद्याला माहीत नाही. बाई जिवंत आहे हे मला दिसतंय. ही यांची आई आहे का, एवढंच सांगा." बाजीराव म्हणाला, "न्हाय." सुंद्राबाईनं तिकीट पुढं केलं, तेव्हा त्याचा वकील मोठ्यानं हसला आणि मागचे चारजणही हसले.

तिनं तिकीट परत गाठीला बांधलं. मग शांतपणे म्हणाली, "सायेब, धाकट्याला एक सांगू द्या."

साहेबांनी मान हलवली.

"मारत्या, दहाव्याला कावळा शिवना. तुमी लई येळ थांबलात. दादा म्हनला, आई, पोरीचं लगीन धुमधडाक्यात करीन. न्हाय शिवला. सून म्हनली, तुळजापूरला वटी भरीन. न्हाय शिवला. मंग तू खाली वाकलास आन् मनात म्हनलास, आई, तू कवाबी परत ये, दुनिया काय बी म्हनू दे, म्या दार उघडीन. तवा शिवला. व्हय का न्हाय?"

मारुतीनं कठडा दोन्ही हातांनी धरला होता.

"म्या ह्ये तोंडानं बोललोच न्हाय," तो म्हणाला. "बायकोला बी सांगितलं न्हाय."

साहेबांनी विचारलं, "ओळखता का यांना?"

त्यानं बाजीरावाकडं बघितलं. बाजीराव खाली बघत होता. "व्हय," मारुती म्हणाला, इतक्या हळू की साहेबांना परत विचारावं लागलं. "आई हाय माझी."

बाहेर लिंबाखाली मी म्हातारीला गाठलं. "मावशी, तुम्हाला कसं कळलं हो ते?"

"तितंच व्हते की म्या."

"म्हणजे?"

"दहाव्याच्याच दिशी परत आले व्हते. नदीच्या पल्याड बाभळीखाली दम खात बसले, तर ह्ये दिसलं. आदी कळंना कुनाचं चाललंय. मंग थोरला रडाया लागला, आई गं, आई गं करून. तेवढा त्यो बाप मेला तवा बी रडला न्हवता." ती थांबली. "इतकं चांगलं रडत व्हती रं समदी. मधीच कसं जावं? परत टोळीसंगं गेले. मंग अंगात काम व्हईना, म्हनून आले."

"पण तो तर मनात बोलला होता!"

"व्हट हलत व्हते की. लेकराचं व्हट आईला कळंनात व्हय?"

मी ते मान्य केलं. पुढं एकदा त्याच बाजूला कामाला गेलो तेव्हा मुद्दाम तेरणेच्या पात्रात उतरलो. पिंडाचा दगड आणि ती बाभळ यांच्यात एवढं अंतर आहे की पलीकडं बाई आहे की बाप्या, हेही ओळखू येत नाही. मी हे कुणाला बोललो नाही. वडील हयात होते तोवर तर नाहीच नाही.

निकाल झाला, पोटगी मंजूर झाली. वकिलांनी पेढे वाटले. आणि म्हातारी शेडमध्येच राहिली! बाजीरावानं बजावलं होतं, पैसे देऊ, पण उंबरा ओलांडू द्यायचा नाही. मारुती कोर्टात एकदा बोलला आणि परत मुका झाला. रोजची पत्रावळ चालूच होती.

माझी नात वकील आहे. ती परवा सांगत होती, बायकांसाठी, मुलांसाठी, अपंगांसाठी जगातल्या देशांचे करार झाले, म्हाताऱ्यांसाठी वेगळा करार अजून नाही. तिकडं जिनिव्हात आता कुठं लिहायला घेतलाय म्हणे. मी म्हटलं, लिहा बाबांनो, झ्याक लिहा, पेन्शन लिहा, औषध लिहा. पण म्हातारं माणूस समोर उभं असताना "मी ओळखतो याला" असं म्हणायला कुणाला भाग पाडणार? ते कलम कसं लिहिणार? नात म्हणाली, "आजोबा, तुमच्या त्या बाईचं पुढं काय झालं?" तिला सांगितलं तेच आता सांगतो.

निकालाची नक्कल दोघा भावांना बजावायला मी गेलो. सुंद्राबाई शेडच्या दारात उभी होती. म्हणाली, "चल, म्या बी येते." मी पुढं, ती मागं, काठीचा ठक ठक आवाज. भर दुपार. आम्ही पुढं जाऊ तशी दारं लागत होती. एक म्हातारा पारावर बसला होता, तो भिंतीकडं तोंड करून बसला. मी मागं वळून बघायचं धाडस केलं नाही. काठीचा आवाज येत होता तोवर बरं वाटत होतं, आणि मधेच ती दम खायला थांबली की माझंही पाऊल थांबायचं.

बाजीरावानं ओट्यावरच सही केली, माझ्या मागं कोण आहे तिकडं बघितलं नाही. मारुती दारात आला. त्याच्या हातात मी कागद दिला. त्यानं तो घेतला आणि दार उघडं टाकून बाजूला सरकला. एवढंच.

म्हातारी उंबऱ्यापाशी येऊन थांबली.

"दार उघडलंस, पावलं. पर आशी न्हाय येनार म्या," ती म्हणाली. "त्या येळंला मनात बोललास. आता तोंडानं बोल. समद्यांला ऐकू जाऊ दे."

"मारत्या," बाजीराव ओट्यावरून म्हणाला, "बोललास तर माझं तोंड बघायचं न्हाय."

मारुती एकदा भावाकडं, एकदा आईकडं बघत होता. गल्लीतली दारं किलकिली झाली होती. मला वाटलं, संपलं, हा काही बोलत नाही. मी पिशवी उचलली. आणि तेवढ्यात तो ओरडला. काय ओरडला! आयुष्यभर दाबून ठेवलेला आवाज होता तो.

"आई! आत ये! आत ये आई!"

तिनं उजवं पाऊल टाकलं. बाजीराव उठला, टोपी घातली आणि दूध संस्थेकडं निघून गेला. मी दाराशीच उभा होतो. आतल्या अंधारात ती दिसेनाशी झाली आणि घरात कसलाच आवाज येईना. सुना भिंतीला चिकटून उभ्या असणार. मला सुचेना, आत डोकवावं का नको.

मग तिचा आवाज आला, खणखणीत, चिडलेला.

"चूल हिकडं कुनी मांडली गं? वारं कुटनं येतंय, बघितलंस का?"

मग धाकट्या सुनेचा घाबरा आवाज आला, "म्या मांडली, आत्याबाई."

"तरीच समदा धूर घरात," म्हातारी म्हणाली. "उद्या हलीव."

"व्हय, आत्याबाई."

मी ओट्यावर बसून अहवाल लिहायला घेतला. पारावरचा म्हातारा आता इकडं तोंड करून बसला होता. मी पंचाच्या सहीची जागा मोकळी ठेवली होती. तो काठी टेकत आला, कागदाकडं बघितलं आणि म्हणाला, "आन हिकडं. वळखतो म्या तिला. सुंद्रा हाय ती."